दट्ट्याला टांगलेला बिल्ला

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिले असेल असे वाटत नाही. मी पिनबॉलचा एक जुना खोका आहे. चार पाय, वर तिरकी काच, काचेखाली आकडे घातलेली भोके आणि समोर दिव्यांचे रंगीत तावदान. हल्ली मी एका मोठ्या दालनात दोरीच्या पलीकडे उभा असतो. रविवारी पिकल्या केसांची माणसे येतात, माझ्यासमोर सुस्कारा टाकून "काय दिवस होते ते!" म्हणतात आणि मी कसा चालायचो ते नातवंडांना सांगतात. त्यातले निम्मे चुकीचे असते. मी ऐकून घेतो. मला राग येत नाही आणि आनंदही होत नाही. कधीपासून असे झाले, तेच आज सांगतो.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या तारा बायकांनी जोडल्या. त्यातल्या एकीची दाढ दुखत होती आणि ती दिवसभर तेच बोलत होती. जगातले मी ऐकलेले पहिले बोलणे ते. मग मला ट्रकमध्ये घालून केंटकीच्या डोंगरात नेले. तिथे क्रॅबट्री फोर्क नावाचे कोळशाच्या खाणीचे गाव होते आणि गावात होबार्ट स्टिल्टनरचा पूल हॉल, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचा अड्डा, होता. हिरव्या कापडाची टेबले, भिंतीला काठ्या, गल्ल्यावर मुरवलेल्या अंड्यांची बरणी. मला खिडकीजवळ ठेवले.

आताच्या पिनबॉलला चेंडू परतवायला दोन पंख असतात. मला तसले काही नव्हते. नाणे टाकायचे, म्हणजे तावदानावरचा आकड्यांचा तक्ता उजळे. आणखी नाणी टाकली की जिंकण्याची रक्कम वाढे. मग दट्ट्या ओढून सोडायचा. पोलादी गोळी वर जाई आणि खिळ्यांना आपटत एखाद्या भोकात पडे, की त्या भोकाचा आकडा तक्त्यावर पेटे. पेटलेले आकडे ओळीत लागले की जिंकलात. खेळणाऱ्याच्या हातात फक्त मला हळूच ढकलणे होते. ज्याला ते साधे तो गोळीला हव्या त्या भोकाकडे वळवी. ज्याने जास्त जोर लावला, त्याच्यावर मी रुसत असे. माझे सगळे दिवे विझत आणि डाव फुकट जाई. त्याला टिल्ट म्हणत.

माझ्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिले होते, "केवळ करमणुकीसाठी". खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. मी जिंकणाऱ्याला पैसे देत नसे, फुकटचे डाव देत असे. ते किती झाले, हे एका छोट्या खिडकीतला आकडा दाखवी. पण खेळणारा गल्ल्यावर गेला की होबार्ट सिगारच्या लाकडी पेटीतून त्या डावांचे रोख पैसे मोजून देई. मग माझ्या पोटाखालचे एक बटण दाबून तो आकडा टकटक करत शून्यावर आणी. अशा जुगाराला कायद्याची बंदी होती. शेरीफ हॅस्केलला हे सगळे ठाऊक होते. पण तो स्वतःच दर शनिवारी माझ्याशी खेळत असे, त्यामुळे बाकीचे दिवस तो डोळ्यांवर कातडे ओढून घेई.

हॉलमध्ये एक रीत होती. डाव शिल्लक असताना खाणीचा भोंगा झाला, तर आपली एखादी वस्तू माझ्या दट्ट्याला टांगून जायचे. टोपी, रुमाल, काहीही. ती वस्तू तिथे असेपर्यंत दुसरा कुणी खेळत नसे. त्या गावातला भुरटा चोरही टांगलेल्या दट्ट्याला हात लावत नसे.

आर्वेल जस्टस दुपारच्या पाळीचा खाणकामगार होता. उंच, सडपातळ, आणि माझ्याशी बोलायची त्याला सवय.

"चल रे लबाडा, आज तरी इमान राख," तो मला म्हणायचा.

"आर्वेल, बायकोशी तरी एवढं गोड बोलतोस का?" टेबलावरून कुणीतरी विचारी.

"बायको इतकी नाणी गिळत नाही गड्या, म्हणून तिच्याशी एवढं बोलावं लागत नाही!"

सगळे हसत. मलाही तेव्हा बरे वाटायचे. बरे वाटायचे, एवढे नक्की आठवते.

त्या दिवशी आर्वेलचा हात असा काही लागला की खिडकीतला आकडा थांबेच ना. टेबलांवरचे खेळ सोडून माणसे त्याच्यामागे गोळा झाली. जवळजवळ एका पंधरवड्याच्या पगाराएवढे डाव झाले, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

"होबार्ट, पैसे आल्यावर घेईन. कुणाला हात लावू देऊ नकोस हं!"

"अरे जा लवकर. तुझा खोका काही पाय फुटून पळत नाही."

आर्वेलने खिसे चाचपले. रुमाल नव्हता, टोपी तर डोक्यावर हवीच होती. आनंदाच्या भरात त्याने खिशातून आपला पितळी बिल्ला काढला, दट्ट्याला अडकवला आणि जेवणाचा डबा उचलून तो धावत सुटला.

हा बिल्ला म्हणजे काय, ते सांगायला हवे. प्रत्येक खाणकामगाराचा आपल्या क्रमांकाचा बिल्ला असे. दिव्यांच्या खोलीत तो फळीला टांगायचा, दिवा घ्यायचा आणि खाली उतरायचे. वर आल्यावर तो परत घ्यायचा. खाणीत कोण आहे, हे ती फळी सांगत असे. आर्वेलने फळीला टांगायचा बिल्ला मला टांगला होता.

संध्याकाळी जमीन हादरली. अंड्यांची बरणी गल्ल्यावरून खाली पडली आणि फुटली. मला कुणी स्पर्शही केला नव्हता, तरी माझे सगळे दिवे विझले. खाणीत स्फोट झाला होता. माणसे हातातल्या काठ्या टाकून तिकडे पळाली. त्या क्षणापासून मी असा आहे. दिवे नंतर पुष्कळदा लागले, पण आत काही पेटले नाही.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या फाटकावर फळीवरच्या बिल्ल्यांप्रमाणे नावे वाचून दाखवली. आर्वेलचे नाव त्यात नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला! दुपारपर्यंत हॉलमध्ये बोलणे सुरू झाले.

"आर्वेल ओहायोला गेला म्हणे."

"एकटाच?"

"एकटा कशाला जाईल? तिकडं कारखान्यात कामं आहेत, आणि कामापेक्षा गोड माणसंही आहेत."

होबार्ट गल्ला पुसत होता. बिल्ला त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होता. आर्वेल खाणीकडे धावत गेलेला त्याने पाहिला होता. पण बिल्ला इथे का, असे कुणी विचारले तर डावांचा अर्थ सांगावा लागणार, आणि तो सांगितला की हॉल जाणार. त्याने तोंडात गुळणी धरली. तो गल्ल्याची एकच जागा परत परत पुसत राहिला.

आणखी एक रात्र गेली. फळीवर ज्यांचे बिल्ले होते, ते सगळे सापडले. जिवंत कुणीच नव्हते. खोलवर आग धुमसत होती, म्हणून हवा तोडायला खाणीचे तोंड विटांनी बांधून टाकायचे ठरले. त्या सकाळी हॉलच्या दारात आर्वेलची बायको ओलीटा येऊन उभी राहिली. त्या गावात बाया पूल हॉलमध्ये पाऊल ठेवत नसत. माणसांनी टोप्या काढल्या.

"माझा नवरा कुठं आहे?" तिने विचारले. "तुमच्यातल्या कुणालाच कसं ठाऊक नाही?"

कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटले, "ओहायोला."

"कोण बोललं ते? पुढं येऊन बोल की! ओहायोला जाणारा माणूस घेवडा आणि मक्याची भाकरी डब्यात बांधून नेतो होय? मी माझ्या हातानं भरलाय डबा. तो खाली आहे, आणि ते उद्या तोंड बांधणार आहेत."

मग तिला बिल्ला दिसला. ती सरळ आत आली आणि तिने क्रमांक वाचला. तिचा हात पुढे झाला.

"हात लावू नका, बाई," होबार्ट म्हणाला. "तो तिथंच राहू द्या. मी खाणीच्या सरकारी तपासनिसांना इथं घेऊन येतो."

त्याने एप्रन काढला आणि तो टोपी न घालताच बाहेर पडला.

तासाभरात माझ्याभोवती गर्दी झाली. सरकारी तपासनीस, खाणीचे साहेब, शेरीफ हॅस्केल, आणि दिव्यांच्या खोलीतला बर्ल. ओलीटा खिडकीपाशी उभी होती.

"बिल्ला इथं आहे, म्हणजे माणूस खाली गेलाच नाही," साहेब म्हणाले. "बिल्ल्याशिवाय दिवा मिळत नाही. काय रे बर्ल?"

"नाही मिळत," बर्ल आपल्या बुटांकडे बघत म्हणाला.

"त्याचे डाव शिल्लक होते," होबार्ट म्हणाला. "ते राखायला त्यानं घाईत बिल्लाच टांगला. खूण म्हणून."

तपासनिसांनी माझी काच पाहिली. "करमणुकीचे फुकट डाव. त्यांच्यासाठी कोण एवढा आटापिटा करतं?"

"होबार्ट," शेरीफ सावकाश म्हणाला, "तोंड उघडण्याआधी काचेवर काय लिहिलंय ते एकदा वाच."

"वाचलंय, शेरीफ. तुम्हीही दर शनिवारी वाचताच की."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. होबार्टने गल्ल्याखालची सिगारची पेटी आणून माझ्या काचेवर ठेवली.

"हे डाव म्हणजे रोख पैसे आहेत, तपासनीससाहेब. ते मी देतो, या पेटीतून. मग खालचं बटण दाबून आकडा पुसतो. हा खोका आला तेव्हापासून हेच चाललंय, आणि गावातलं शेंबडं पोरही ते जाणतं. आता हा आकडा बघा. पंधरवड्याचा पगार आहे हा. बायको टाकून पळणारा माणूस एवढे पैसे खिशात घालून जाईल, की इथं टांगून जाईल?"

मग बर्लचा आवाज आला. तो रडत होता.

"दिला मी त्याला दिवा. धापा टाकत आला होता. बिल्ला उद्या दाखव म्हटलं. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

तपासनिसांनी टोपी चढवली. "खाणीचं तोंड बांधायचं नाही," ते म्हणाले. "माणसं परत खाली पाठवा."

आर्वेल त्याच संध्याकाळी सापडला. एका आडव्या बोगद्यात त्याने विषारी हवा थोपवायला कापडाचा पडदा ठोकला होता आणि पडद्यामागे तो भिंतीला टेकून बसला होता. डबा शेजारी होता. तो रिकामा होता. हे मी टेबलांभोवतीच्या बोलण्यातून ऐकले. ओहायोचे नाव आता कुणी काढत नव्हते. जो तो होबार्टच्या पाठीवर थाप मारत होता. "मर्दासारखा बोललास," असे म्हणत होते. होबार्ट मान हलवायचा.

आर्वेलला टेकडीवर पुरले. त्यानंतर ओलीटा पुन्हा आली. या वेळी ती दारात थांबली नाही. होबार्टने पेटीतले पैसे तिच्यापुढे ठेवले.

"हे आर्वेलचे आहेत, बाई. उपकार नाहीत."

तिने पैसे घेतले. घरात लेकरे होती. मग ती म्हणाली, "एक विचारू? फाटकावर नावं वाचली, तेव्हा हा बिल्ला तू पाहिला होतास?"

"पाहिला होता."

"त्याचं नाव नाही वाचलं, हेही ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"डॉक्टर म्हणाले, पडद्यामुळं तो दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत जगला असणार," ओलीटा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "नावं वाचली तेव्हा तो होता, होबार्ट."

तिने दट्ट्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि ती निघून गेली. होबार्टने माझ्या पोटाखाली हात घालून बटण दाबले. आर्वेलचा आकडा टकटक करत उतरला. शून्य आले, तरी होबार्टचे बोट बटणावरच होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. होबार्टने सगळ्यांसमोर कबुली दिल्यावर शेरीफला डोळ्यांवर कातडे ओढायची सोय उरली नाही. हॉलला कुलूप लागले. आजूबाजूच्या गावांतले माझ्यासारखे खोके न्यायकचेरीच्या पायऱ्यांवर आणून घणाने फोडले आणि त्याची छायाचित्रे काढली. मी पुरावा होतो, म्हणून वाचलो. मला त्याच कचेरीच्या तळघरात ठेवले. तिथे मी इतका काळ राहिलो की माझ्यावर काय आरोप होता, हेही लोक विसरले. शेवटी एका हौशी माणसाने मला विकत घेतले, माझ्या तारा बदलल्या आणि मला इथे आणले. होबार्टबद्दल एवढेच कानावर आले, की म्हातारपणीही तो प्रत्येक पाळी सुटताना फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि वर येणारी माणसे पाहायचा. कुणाशी बोलत नसे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचे असते. माझी काच पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी इथे पगारी माणूस आहे, आणि काच पुसल्याने मला काही वाटतही नाही. मी दुसरेच मागतो. तुमच्या वर्गातला, गल्लीतला कुणी वेळेवर घरी आला नाही, तर तो कुठे पळाला असेल याच्या गप्पा मारू नका. त्याला शोधायला जा. तुम्हाला काही ठाऊक असेल आणि ते सांगणे महागात पडणार असेल, तरी त्याच दिवशी सांगा. उद्यावर टाकू नका. होबार्ट वाईट माणूस नव्हता. खरे सांगून त्याने आपले सगळे गमावले. तो एक दिवस उशिरा बोलला, एवढेच.