शेजारची सीट रिकामी ठेवावी

चष्मेवाल्याच्या गाडीतली बाद एअरबॅग कंपनीने अखेर बदलून दिली. फुकट, हसतमुखाने, आणि वर किल्लीला लावायची एक साखळी भेट.

असं काहीही झालेलं नाही. एअरबॅग बादच आहे, पार्ट यायचा आहे, आणि चष्मेवाल्याची बायको मागच्या सीटवर बसलेली आहे. इथून पुढे चालू.

गाडी घेतली तेव्हा ती मागे बसत नसे. गाडी म्हणजे ती उंच, गुबगुबीत गालांची जात, जी धड मोटारही नसते आणि धड जीपही नसते. शोरूमवाला तिला ‘फॅमिली गाडी’ म्हणाला होता आणि सहा एअरबॅगा त्याने अशा मोजून दाखवल्या होत्या, जणू नवऱ्या मुलाच्या पदव्या. बायकोने गाडी त्या सहांसाठीच पसंत केली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचायचं काम करायची, आणि रस्त्यांवर काय काय होतं ते तिच्याकडे छोट्या छोट्या बाटल्यांतून पोचायचं. चष्मेवाल्याला गाडीचा रंग आवडला होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

घर तसं लहान नव्हतं, पण माणसं घरापेक्षा मोठी होती. चष्मेवाल्याची आई हॉलमध्ये असायची, म्हणजे बाकी सगळ्या खोल्यांच्या तोंडावर. थोरली आणि धाकटी या दोन मुली उरलेल्या जागेत सगळीकडे असायच्या. नवरा-बायकोला एक खोली होती, खोलीला दार होतं, दाराला कडीही होती. पण ती लावली की बाहेरून कुणाला तरी कात्री हवी व्हायची. कात्री त्याच खोलीत असायची. मग एकदा ती हॉलमध्ये नेऊन ठेवली. त्या दिवसापासून चिकटपट्टी हवी व्हायला लागली.

म्हणून त्यांचा संसार गाडीत होता. सकाळी मुलींना शाळेत सोडलं, की शाळेच्या फाटकापासून लॅबच्या फाटकापर्यंत जगात दोनच माणसं उरायची. बायको चपला काढायची, पाय उचलून समोर डॅशबोर्डवर ठेवायची आणि शेंगदाण्यांची पुडी उघडायची. सिग्नल लागला की एक दाणा त्याच्या तोंडात. लांब सिग्नलला दोन. घरात सासूबाईंसमोर ती त्याला ‘अहो’ म्हणायची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या ‘अहो’ची घडी मोडली नव्हती. पण शाळेचं फाटक मागे पडलं की ती ‘अरे’ म्हणायची. ‘अरे ऐक ना’ने सुरू झालेली वाक्यं कुठेही जायची. एकदा एका वाक्याच्या नादात ते दोघे लॅब ओलांडून बरेच पुढे गेले होते, आणि दोघांनाही ते कळलं होतं, आणि कुणीही बोललं नव्हतं.

मग एका सकाळी, शाळेच्या फाटकाशी गाडी उभी असतानाच, फोनवर कंपनीचा निरोप आला. चालकाशेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगवणारा डबा सदोष असू शकतो. धडक बसल्यावर एअरबॅग उघडणार नाही अशी शक्यता आहे. किंवा ती गरजेपेक्षा जोरात उघडेल आणि डब्याचे धातूचे तुकडे आत उडतील, अशीही शक्यता आहे. थोडक्यात, इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही बायकोच्या समोर. पार्ट उपलब्ध होईपर्यंत शेजारची सीट रिकामी ठेवावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

बायकोने निरोप दोनदा वाचला आणि आपले पाय रोज नेमके कशावर असायचे ते तिच्या ध्यानात आलं. तिने पायांकडे पाहिलं. मग दार उघडलं, उतरली आणि मागे जाऊन बसली.

चष्मेवाल्याने तिला समजावून पाहिलं. असले निरोप हजारो लोकांना जातात, होत काहीच नाही, आपण हळू चालवू. ती म्हणाली की रोज तिच्यासमोर बाही वर करून बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला काही होणार नाही असंच धरलेलं असतं, आणि घरी दोन मुली आहेत. यावर त्याने आरसा सरळ केला.

आता बायको आरशात राहायला गेली. चष्मेवाल्याचा जन्म चष्म्याच्या दुकानातल्या काचांत गेलेला, त्यामुळे आरशात काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी तिच्या डाव्या गालावरचा तीळ रोज सकाळी उजव्या गालावर दिसला की त्याला वाटायचं, दुसऱ्याच्या बायकोकडे टक लावून पाहतोय. शेंगदाणे बंद झाले. एकदा तिने मागून दाणा फेकून पाहिला. तो त्याच्या कॉलरमध्ये शिरला आणि त्यासाठी गाडी बाजूला घ्यावी लागली. ‘अरे ऐक ना’ पुढच्या सीटपर्यंत पोचायचंच नाही. त्याला ‘काय?’ विचारावं लागायचं, तिला मोठ्याने बोलावं लागायचं, आणि मोठ्याने बोलायला गेलं की तिच्या तोंडून आपोआप ‘अहो’ यायचं. मोठ्याने तिला तेवढंच येत होतं.

संध्याकाळी तो तिला घ्यायला जायचा तेव्हा लॅबच्या रखवालदाराने त्याला एक-दोन दिवस नीट पाहिलं आणि सांगितलं, ड्रायव्हर लोकांनी गाड्या पलीकडे लावायच्या. पलीकडे डॉक्टरांचे चार ड्रायव्हर उभे असायचे. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. त्यातला एक टोपीवाला फार माणुसकीचा होता.

“मॅडमकडे किती वर्षं आहेस?” त्याने विचारलं.

“अकरा.”

“बोलतात का नीट?”

“पूर्वी बोलायच्या.”

टोपीवाल्याने चुकचुक केली. “सोडून दे ना मग. दुसरीकडे बघ.”

“मुली आहेत,” चष्मेवाला म्हणाला.

“हां,” टोपीवाला म्हणाला, “मग नाही सोडता येत.” आणि त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सफरचंद त्याला दिलं.

चष्मेवाला दर शनिवारी सर्व्हिस सेंटरला जाऊ लागला. तिथे एक सल्लागार होता, ज्याच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री असायची की तो खुर्चीत बसताना आवाज यायचा. पार्ट जहाजात आहे, असं त्याने सांगितलं. पुढच्या शनिवारी पार्ट जहाजातून उतरला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा जहाजात होता. चष्मेवाल्याने विचारलं की तो परत का चढला. सल्लागाराने मान हलवली; समुद्राचं खातं त्याच्याकडे नव्हतं. एकदा मात्र खोकं खरंच आलं. सल्लागाराने ते त्याच्यासमोर हौसेने उघडलं. आत मागचा वायपर होता.

त्यानंतर, दुष्काळात तेरावा महिना, दुसरा निरोप आला. तोच डबा चालकाच्या बाजूलाही असल्याचं आढळून आलं आहे. चालकाची सीटही रिकामी ठेवावी.

चष्मेवाला त्या दिवशी शनिवार नसताना सर्व्हिस सेंटरला गेला, बसने.

“गाडी चालवायची नाही?” त्याने विचारलं.

“अजिबात नाही, सर. तुमच्या सुरक्षिततेसाठी.”

“आणि पार्ट आला की?”

“लगेच गाडी घेऊन या.”

“कुणी चालवायची?”

सल्लागाराने जरा विचार केला. “चालवू नका सर,” तो म्हणाला. “आणा.”

निघताना त्याने मायेने आणखी एक गोष्ट सांगितली. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. अधूनमधून इंजिन चालू करून थोडा वेळ तसंच ठेवायचं.

गाडी इमारतीखाली खांबाला खेटून उभी राहिली. मुलींना शाळेची बस लागली. चष्मेवाला चालत दुकानात जाऊ लागला. बायको लॅबच्या व्हॅनने जाऊ लागली, कारण व्हॅन दारापर्यंत यायची आणि तिच्यात एक जागा होती. आता ती आरशातही दिसेनाशी झाली. चष्मेवाला दुकानात लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून विचारायचा, आता स्पष्ट दिसतं का, की आता? लोक सांगायचे, आता. त्याला त्यांचा हेवा वाटायचा.

एका संध्याकाळी तो बॅटरीसाठी खाली उतरला. उभ्या गाडीत चालकाच्या सीटवर बसायला काहीच हरकत नव्हती, पण तो आता कंपनीवर इतका रागावला होता की तिचं अक्षर न् अक्षर पाळायचं त्याने ठरवलं होतं. त्याने दारातून वाकून किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं, आणि जाऊन मागच्या सीटवर बसला.

थोड्या वेळाने बायको खाली आली. सासूबाई विचारत होत्या की गॅसचा रेग्युलेटर का सुटत नाही. ती दार उघडून हे सांगत होती, सांगता सांगता आत बसली, आणि दार ओढून घेतलं. समोर दोन सीट रिकाम्या, इंजिन गुरगुरतंय, आणि मागे ही दोघं शेजारी शेजारी, जणू ड्रायव्हर पान आणायला गेलाय.

“कुठे निघालोय आपण?” तिने विचारलं.

“आधी लॅब ओलांडू,” तो म्हणाला.

तिने चपला काढल्या, पाय पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीत रोवले आणि मागे टेकली. तीळ डाव्या गालावर होता. मग म्हणाली, “अरे, मला वाटलं होतं मीच तुझ्याशी बोलायची बंद झालेय.”

तो म्हणाला की त्यालाही तसंच वाटलं होतं, फक्त दोष कुणाचा ते ठरत नव्हतं. ती म्हणाली, डब्याचा. मग दोघं हसली, आणि वरच्या गॅलरीतून धाकटीने ओरडून विचारलं की रेग्युलेटरचं काय झालं.

तेव्हापासून बॅटरीचे लाड सुरू झाले. अधूनमधूनची बॅटरी दिवसाआड झाली, दिवसाआडची रोज. पाऊण तास इंजिन चालायचं, त्यातला पहिला थोडा वेळ बॅटरीचा आणि बाकी सगळा संसाराचा. धूर होतो अशी खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली तेव्हा त्यांनी इंजिन बंद ठेवून बॅटरी चार्ज करायला सुरुवात केली. आईने हॉलमधून सगळं पाहिलं. “तुझ्या वडिलांच्या स्कूटरला नव्हतं बाई एवढं कौतुक लागत,” ती सुनेला ऐकू जाईल अशा बेताने मुलाला म्हणाली. पण बॅटरी म्हणजे यंत्राची बाब. यंत्राच्या बाबीत आई पडत नसे, आणि खाली गेलेल्या माणसाकडे कुणी कात्री मागत नसे.

त्या सीटवर त्यांनी पुष्कळ बोलून घेतलं. थोरलीच्या गणिताचं, बायकोच्या लॅबमध्ये एका म्हाताऱ्याने रक्त देताना केलेल्या लग्नाच्या मागणीचं, म्हातारपणी कुठे राहायचं याचं. कधी काहीच बोलत नसत. शेंगदाणे सिग्नलशिवायही खाता येतात, हा शोध त्यांना तिथेच लागला.

आणि मग सल्लागाराचा फोन आला. पार्ट आलाय सर, दोन्ही.

चष्मेवाला म्हणाला, घाई नाही. सल्लागार म्हणाला, आम्हालाच आहे. आणि गाडी उचलून न्यायला ट्रक पाठवला. दुसऱ्या दिवशी गाडी दोन निरोगी एअरबॅगा, किल्लीची साखळी आणि एक मागचा वायपर घेऊन परत आली.

सोमवारी चष्मेवाल्याने सकाळी शेजारचं दार उघडून धरलं. बायकोने आत पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं, तिथे व्हॅन उभी होती. लॅबने वर्षभराची जागा लावून घेतली होती. आता सोडली तर तिथल्या एकट्या नव्या मुलीसाठी व्हॅन इकडे वळली नसती, तिला एकटीला यावं लागलं असतं, आणि तिकडचा रस्ता बरा नव्हता. ती म्हणाली, बघू या, पुढच्या महिन्यात. तिला खरंच वाटत होतं पुढच्या महिन्यात बघू. तिचा आवाज तरी तसाच होता. फक्त आई गॅलरीत उभी होती, म्हणून ती म्हणाली, “निघते अहो.”

त्या संध्याकाळी तो खाली जायला निघाला तेव्हा आईने विचारलं, “कुठे?”

“बॅटरी.”

“गाडी झाली ना नीट?”

“झाली.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि तिचे हात थांबले होते. तीही उत्तराची वाट पाहत होती. चष्मेवाला चपला काढून परत आत आला.

रविवारी सगळे मिळून बाहेर निघाले. गाडीचं दार उघडलं तशी आई गुडघ्यावर हात ठेवून पुढे आली. मागे तिला पाय लांब करता येत नाहीत. इतके दिवस पुढे धोका होता म्हणून ती काही बोलली नव्हती. “आता काही होत नाही म्हणालेत ना?” तिने विचारलं. चष्मेवाल्याला खोटं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण ती त्याची आई होती, आणि गुडघे खरे होते. ती बसली, पट्टा लावून घेतला, आणि आजपासून ही जागा माझी अशा समाधानाने हवेचा झोत स्वतःकडे वळवला. बायको मागे बसली, एकीकडे थोरली, दुसरीकडे धाकटी. चष्मेवाल्याने आरसा तिच्यावर लावला. तीळ उजव्या गालावर होता. तिनेही आरशात पाहिलं, आणि सिग्नल येईपर्यंत नजर काढली नाही.

मंगळवारी कंपनीतून एक मुलगी फोनवर बोलली. सेवेबद्दल आपण समाधानी आहात का, आणि काही सूचना असल्यास नोंदवता येतील. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाल्याने खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि म्हणाला, लिहून घ्या:

“विनंती अशी की, वरील वाहन आपल्याकडून अनवधानाने सुरक्षित झाले आहे. तरी त्याच्या पुढील दोन्ही सीट तातडीने पुन्हा धोकादायक घोषित कराव्यात व तसा निरोप माझ्या मातोश्रींच्या फोनवर पाठवावा. संबंधित पार्ट कायमस्वरूपी जहाजात ठेवावा. तसेच बॅटरीच्या आरोग्यासाठी रोज संध्याकाळी पाऊण तास वाहनमालक व त्याची पत्नी या दोघांनीही मागील सीटवर उपस्थित राहणे बंधनकारक आहे, असा आदेश कंपनीच्या शिक्क्यानिशी द्यावा. हा आदेश वाहन भंगारात निघाल्यानंतरही लागू राहावा, ही नम्र विनंती.”