चुलीपुढची जागा

वास आला तेव्हा ईरम्मा परसात नळावर कळशी भरत होती. तिला वाटलं, भाकरी करपली. तिथूनच ती सुनेला म्हणाली, "दाक्षायणी, भाकरी उलट की गं." आतून "व्हय अत्ती" असं उत्तर आलं आणि दाक्षायणीनं खरंच भाकरी उलटली. भाकरी चांगली होती. जळत होती ती दाक्षायणीची टाच.

आता कुणी म्हणेल, स्वतःची टाच जळते आणि माणसाला कळत नाही, हे कसं? तर त्याचं असं झालं होतं. सव्वा वर्षापूर्वी, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दाक्षायणी माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया काढायला चढली. कडेची माती ढासळली आणि बाई खाली अंगणातल्या फरशीवर पाठीवर पडली. मणका मोडला. कमरेखालचं हलायचं गेलं आणि कळायचंही गेलं. पुण्याच्या दवाखान्यात आठ महिने काढून ती परत आली ती बसायला शिकून, हातांच्या जोरावर खाटेवरून खाली उतरायला शिकून. घटकेघटकेला दोन्ही हात टेकून अंग वर उचलायचं, म्हणजे बूड दबून जखम होत नाही. रोज आरसा धरून पाठ आणि पाय बघायचे. एवढं सगळं ती न चुकता करायची.

तिचा नवरा मडिवाळप्पा नव्या पेठेत खणाचं दुकान चालवायचा. त्यानं गिरणीतल्या एका ओळखीच्या फिटरकडून फळीला चार बेअरिंगं लावून घेतली. त्या गाडीवर बसून दाक्षायणी घरभर गडगडत फिरू लागली. बाळीवेशीतल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका दारात येऊन हळहळायच्या. ईरम्माला त्या हळहळीचा लई राग. "भाकरी काय पायानं थापतात व्हय?" असं म्हणून तिनंच सुनेला चुलीपुढं नेऊन बसवलं आणि गल्लीत चार जणींना सांगितलंही. बसून करायचं काम ते. त्यात धोका असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं तिनं एक पाय दुमडून आणि एक पाय चुलीकडं सोडूनच भाकरी थापली होती. निखारा घरंगळला की पाय आपोआप मागं यायचा. दाक्षायणीचा आला नाही.

ती जखम श्रावणात झाली आणि मार्गशीर्षात भरली. मधे ताप काय, पू काय, दोनदा तर आशाच सोडली होती. कुणी ईरम्माला एका शब्दानं बोललं नाही. मुलगाही नाही. तेच तिला सोसवेना. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सून बरी झाली आणि ईरम्मानं सांगून टाकलं, "आता सैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." तेही कसं, तर हळू, गोड आवाजात. खिडकीजवळ गादी घातली, शेंगा सोलायला दिल्या, वरून चहा. दाक्षायणी शेंगा सोलायची आणि सैपाकघराकडं बघत बसायची. दोन-तीनदा तिनं विचारलं. "नको गं बाय, तू आराम कर," एवढंच उत्तर. आराम करून करून ती सुकत चालली होती, हे ईरम्माला दिसत होतं. पण डोळे मिटले की तिला तो वास यायचा. मग करणार काय?

एका सोमवारी ईरम्मा मल्लिकार्जुनाच्या देवळात गेली. परत येऊन बघते तर दाक्षायणी कोपरापर्यंत चिखलात. परसातली माती, त्यात भुसा, त्यात लीद, सगळं मळून तिनं चुलीच्या डाव्या अंगाला वीतभर उंचीचा कठडा घातला होता. अंगावर घामाच्या धारा.

"हे काय केलंस?"

"पाय ह्या अंगाला राहतील, अत्ती. मी आडवी बसणार, उजव्या हातानं तव्यावर टाकणार. निखारा आला तर कठड्याला अडंल. शिवाय पायावर ओलं गोणपाट. उडून पडलाच तर चर्र आवाज येईल की. मला कळत न्हाई, पण ऐकायला येतंय."

"मोडून टाक ते," ईरम्मा म्हणाली.

"तुमीच मोडा. म्या माझ्या हातानं न्हाई मोडणार."

ईरम्मानं मोडला नाही. हात नुसता वर गेला आणि खाली आला. कठडा आठवडाभर वाळत राहिला. ती आपली भाकरी त्याच्या शेजारी बसूनच थापायची आणि दर वेळी बांगड्या त्याला आपटायच्या.

भोगी आली. गावची गड्ड्याची जत्रा तोंडावर, त्यामुळं अक्कलकोटाकडचे पाहुणे आदल्या संध्याकाळीच उतरलेले. त्यांत ईरम्माची थोरली नणंद शिवबाईही होती. पंधरा माणसांना पुरतील एवढ्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी करायच्या होत्या. सकाळी ईरम्मा पीठ घेऊन आत गेली, तर दाक्षायणी कठड्यामागं बसलेली, पायावर ओलं गोणपाट, चूल पेटवलेली. ईरम्मानं पीठ तिच्यापुढं ठेवलं आणि ती पाठीमागं उभी राहिली. तिची नजर काही गोणपाटावरून हलेना.

पंगत बसायच्या वेळी शिवबाई आत डोकावली आणि गालावर हात मारून घेतला. "वैनी, आगं मनाला काय वाटतंय का न्हाई तुला? पांगळ्या पोरीला आगीपुढं बसवलीस? एकदा भाजली ती कमी झालं व्हय? लोक काय म्हणतील?"

ईरम्माच्या मनात आलं, आता उठवली तर नणंदेपुढं आपली अब्रू राहते. दाक्षायणीनं थापणं थांबवलं होतं. ती मागं वळून बघत नव्हती, नुसती वाट बघत होती.

"भाजली ती माझ्यामुळं, वन्सं," ईरम्मा म्हणाली. "म्या बसवली, बघितलं न्हाई, पाणी भरायला गेले. तिची काय चूक न्हाई. भीती माझी हाय, तिची न्हाई. माझ्या भीतीपायी म्या तिला महिनाभर खिडकीत बसवून ठेवली." एवढं बोलून तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

दाक्षायणी म्हणाली, "अत्ती, तुमी बाहेर जावा. पंगतीत बसा सगळ्यांबरोबर."

"म्या? म्या मागनं जेवते की."

"मागनं गार भाकरी खाता. आज गरम खावा. हितं उभं राहून माझे पाय राखू नका."

जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत. शेवटी ईरम्मा गेली. पाटावर बसली खरी, पण सारखं नाक आतल्या बाजूला. मडिवाळप्पा वाढत होता. त्यानं तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी आईच्या ताटात टाकली. वाफ निघत होती. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ईरम्मानं तव्यावरची भाकरी आपल्या ताटात पडलेली कधी पाहिली नव्हती. तिनं तुकडा मोडला, लोणी लावलं, तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

"दाक्षायणी," तिनं मोठ्यानं हाक मारली, "काठ किती जाड ठेवलाईस गं? आन् तीळ काय मोजून लावलेस? बाजरीचं पीठ असं थापत्यात व्हय?"

शिवबाईचा घास हातातच राहिला. मडिवाळप्पा आईकडं बघतच राहिला.

आतून हसू ऐकू आलं. दाक्षायणी हसत होती, पोट धरून हसावं तसं, आणि हसता हसता तिचा आवाज भरून आला. "लई दिवसांनी रागावलात बघा, अत्ती. मला वाटलं, म्या आता ह्या घरात पाव्हणीच झाले."

ईरम्मानं पदरानं डोळे पुसले. "पाव्हणी म्हणं," ती पुटपुटली. मग ताट पुढं सरकवून आत ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसरी टाक. पातळ करून."