रविवारी मनोरा पाडायचा होता

माझा धाकटा भाऊ जुसेमार देश वाचवायला निघाला होता. रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, टेकडीमागचा विजेचा मनोरा पाडायचा. मला कळलं, कारण गुपित त्याच्या पोटात कधी राहिलंच नाही. मी बाळाला पाजत होते, तो समोर 'माते' नावाचा आमचा कडू चहा नळीने ओढत बसला होता.

"कोण कोण आहे रे?"

"ते सांगता येत नाही, ताई."

"ओडाइर?"

त्याने नळीतून जोरात घोट ओढला.

"म्हणजे ओडाइर. त्याचा मेहुणा क्लाउदियोमीर, तो पुढारी. आणि तुमच्या बोशाच्या, त्या गोळे फेकायच्या खेळाच्या, संघातले दोघे. अरे, ही क्रांती आहे की लग्नाची आमंत्रणयादी?"

"हसू नकोस. देशासाठी आहे. वीज गेली की सरकार जागं होईल."

"देश तुला मार्चपासून आठवतोय. ओडाइर शाळेत पहिलीपासून तुझा मित्र आहे. तो मासे धरायला निघाला असता, तर तूही गळ घेऊन गेला असतास."

त्याचे कान लाल झाले. मला हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती. त्या तारांनी माणसाचा कोळसा होतो. वाचलाच, तर तुरुंग.

समजावून तो ऐकला नसता. समजून-उमजून तो यात शिरला तरी कुठे होता? बाळ झोपल्यावर मी पाद्रीबाबांकडे जाऊन रविवारच्या बाप्तिस्म्यात लेकीचं नाव घातलं. धर्मपिता जुसेमार, धर्ममाता ओडाइरची बायको मार्लिझे. आमच्याकडे या मानाला कुणी नाही म्हणत नाही. म्हटलं तर जन्माचा अबोला. आणि मार्लिझे नवऱ्याशिवाय चर्चची पायरी चढणारी नव्हे. खुर्च्या मांडायचं काम मी बोशावाल्या दोघांना दिलं, मांस भाजायचं क्लाउदियोमीरला. त्याच्यासारखं गावात कुणी भाजत नाही, आणि हे सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत आहे.

शुक्रवारी क्लाउदियोमीर दारात उभा. "रविवारच का गं?"

"पाद्रीबाबा महिन्यातून एकदाच बाप्तिस्मे करतात. तुझं काही होतं का?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "किती माणसं जेवायला?"

"चाळीस."

रविवारी चर्चमध्ये ओडाइर आला, बोशावाले दोघे आले. क्लाउदियोमीर चर्चच्या मागच्या अंगणात निखारे फुलवत होता. जुसेमारचा मात्र पत्ता नाही. पाद्रीबाबांनी पाण्याचं भांडं पुढे ओढलं. मी पुन्हा दाराकडे बघितलं.

तेवढ्यात तो धापा टाकत आला, सदऱ्याची बटणं खालीवर.

"कुठे होतास?"

"मनोऱ्यापाशी. म्हटलं, आधी ते उरकून येऊ. तासभर थांबलो. कुणीच आलं नाही, ताई." चेहरा असा, की जणू त्याला कुणी खेळायलाच घेतलं नव्हतं. "एकट्याने जाऊन काय करायचं तिथे?"

मी बाळ त्याच्या हातात दिलं.

"मान धर नीट," मी म्हटलं.