मिस्त्रींची गाडी, सुनेचं इंजिन

इंजिन जॅम झालं तेव्हा गाडी सुनेच्या हातात होती, आणि मिस्त्रींना तेवढं पुरेसं होतं.

खरं तर दोष रेडिएटरच्या पाइपाचा. चढावर तो फुटला, पाणी सगळं वाहून गेलं, आणि तापमानाचा काटा चार वर्षांपासून बंदच असल्यामुळे तिला काही कळलं नाही. इंजिन आधी कुरकुरलं, मग किंचाळलं आणि मग कायमचं गप्प झालं. गाडी ओढून वर्कशॉपच्या दारात आणली तेव्हा मिस्त्री बाकावर बसून हात पुसत होते. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ बघितलं.

"अडतीस वर्षं जपलं होतं," ते म्हणाले. "सूनबाईंनी एका दुपारात निकाल लावला."

"मामंजी, पाइप फुटला. आणि काटा चालत नाही हे तुम्हालाही ठाऊक होतं."

"मला काट्याची गरज कधी पडली नाही. मला वासावरून कळतं."

असं त्यांचं बोलणं. लग्नाआधी सात वर्षं ती बसच्या डेपोत इंजिनं उघडायची. लग्न करून या घरात आली आणि महिनाभरात वर्कशॉपमध्येही आली, कारण घरात बसून राहणं तिला जमण्यातलं नव्हतं. सुरुवातीला मिस्त्रींनी तिला नट-बोल्ट धुवायला दिले. तिने धुतले. पण दोन वर्षांनी गिऱ्हाइकं दारात येऊन "बाई आहेत का?" असं विचारायला लागली, आणि तेव्हापासून मिस्त्रींच्या कपाळावरची आठी कधी मोडली नाही.

गाडी तशी तिच्या नवऱ्याच्या नावावर होती. लग्नात बापाने मुलाला दिलेली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि पाना कोणत्या बाजूने धरायचा हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं. तिने त्याला विचारलं, "यात नवं इंजिन बसवू का? एक छोटी मालवाहू गाडी मागून चेपलीय, तिचं इंजिन चांगलं आहे. गिअरबॉक्ससकट मिळतंय."

"बसव की," तो वही तपासता तपासता म्हणाला.

जेवणाच्या टेबलावर हे मिस्त्रींच्या कानावर गेलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गाडी त्याची असेल. इंजिन माझं आहे. तीन वेळा या हातांनी उघडून बांधलंय. परत बांधेन."

"ब्लॉकला चीर गेलीय, मामंजी. बोटाने लागते."

"तुझ्या बोटाला लागते."

दुसऱ्या दिवशी तिने जुनं इंजिन उतरवलं. मिस्त्रींनी ते ढकलत ढकलत आपल्या कोपऱ्यात नेलं, त्यावर ताडपत्री टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

नवं इंजिन अर्ध्या वजनाचं, पण ताकद दुपटीहून जास्त. तिने चार दिवस मोजमाप केलं. रेडिएटर पुढे सरकवला, मधला शाफ्ट कातून आखूड करून आणला. पाचव्या दिवशी चेनकप्पीवर इंजिन लटकवून ती एकेक कडी सोडत खाली आणू लागली. मिस्त्री समोर स्टूल टाकून बसले होते. आज ते हातात काहीही काम न घेता बसलेत, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

इंजिन चार बोटं खाली यायचं राहिलं आणि अडकलं. तेलाचं चेंबर खालच्या आडव्या पट्टीवर टेकलं होतं.

"ते बसणार नाही," मिस्त्री म्हणाले.

तिने मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारीच मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय सांगायचं?" आणि ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील.

तिने दात आवळले, इंजिन पुन्हा वर घेतलं, चेंबर काढलं, कापलं, उथळ करून नव्याने वेल्ड केलं. त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने अभिमान बाजूला ठेवला, हे तिच्या दृष्टीने फार मोठं काम होतं, आणि त्यांच्यापाशी जाऊन विचारलं. इंजिन टेकवायचे ब्रॅकेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे लावायचे तिथे तिने खडूने खूण केली होती.

"मामंजी, ही गाडी तुम्ही खालून-वरून ओळखता. इथे वेल्ड धरेल का?"

मिस्त्रींनी चष्मा वर सारला. खडूच्या खुणेकडे पाहिलं. "धरेल की."

धरलं नाही. इंजिनाचं वजन टाकलं तसा डाव्या बाजूचा ब्रॅकेट चेसिसचा पत्रा कागदासारखा फाडत सुटला. साखळी अजून लावलेली होती म्हणून इंजिन लटकून राहिलं, नाहीतर तिचा हात खालीच होता. तिने फाटलेला पत्रा बोटाने खरवडला. रंगाखाली पुटीन होती, पुटीनखाली गंज. कुणीतरी वर्षांपूर्वी भोक बुजवून वर सफाईने रंग मारला होता. असा सफाईचा हात या वर्कशॉपमध्ये एकाचाच होता.

भांडण करायला निदान समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा लागते, ती तिने त्या क्षणी सोडून दिली. गंजलेला भाग कापून तिने जाड पट्टी बसवली. त्यानंतर मिस्त्री बोलले की ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. घरी ताट वाढताना बोलायची तेवढंच. "अजून हवं?" "नको." नवरा दोघांच्या मध्ये बसून भिंतीकडे बघत जेवायचा.

इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. शेजारचा पंक्चरवाला धावत बघायला आला. तिने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. मिस्त्री आपल्या कोपऱ्यातून उठून आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून पुढच्या चाकापाशी थांबले.

"ब्रेक जुनेच ठेवलेस."

"लायनर नवे घातलेत. ड्रम साफ केलेत. पाइप बदललेत."

"ड्रम चाळीस घोड्यांच्या इंजिनाला होते. हे किती, नव्वद? पुढचे ब्रेक बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नकोस."

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. आता ब्रेक. ब्रेक झाले की स्टिअरिंग निघेल, मग टायर, मग चाकांचे नट. गाडी रस्त्यावर येऊ नये म्हणून या माणसाचं डोकं कुठवर चालेल याचा तिला अंदाज होता.

"तुम्ही म्हणालात वेल्ड धरेल," ती म्हणाली. "आता म्हणता ब्रेक धरणार नाहीत. ठीक आहे."

"सूनबाई, ऐक."

"ऐकलं."

रविवारी सकाळी ती आणि नवरा निघाले. पाण्याच्या टाकीकडे चढणारा लांब रस्ता होता. गाडी चढावर अशी पळाली की नवऱ्याने दाराची मूठ धरली आणि हसत म्हणाला, "आपलीच आहे ना ही?" वर पोचून तिने गाडी वळवली. उतारावर पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, गाडी आज्ञाधारकासारखी थांबत आली. दुसऱ्या वळणाला पाय जरा जास्त खोल गेला. तिसऱ्याला पेडल नेहमीच्या जागी होतं, पण दाबून काही होत नव्हतं. ड्रम तापून लायनर नुसते घसरत होते. करपल्याचा वास आत आला. तो वास तिला लगेच ओळखू आला, आणि त्याबरोबर मिस्त्रींचं वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं.

तिने गिअर खाली टाकला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक ओढला, मागची चाकं सरकली. पुढे चौक होता, चौकात माणसं. उजव्या हाताला अर्धवट बांधलेल्या इमारतीपुढे वाळूचा ढीग होता. तिने स्टिअरिंग तिकडे फिरवलं.

गाडी बंपरपर्यंत वाळूत शिरली आणि थांबली. तिच्या कपाळाला खोक पडली. नवऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यात मिस्त्री तेलकट कपड्यांतच आले. मुलाच्या खांद्याला पट्टा बांधलेला पाहिला, सुनेच्या कपाळावरची पट्टी पाहिली, आणि त्यांचा आवाज वॉर्डभर झाला.

"सांगितलं होतं मी! ब्रेक बदल म्हणून सांगितलं होतं की नाही? माझ्या पोराला मारायला निघाली होतीस!"

ती खुर्चीवरून उठली.

"सांगितलं होतंत. आणि त्याआधी चेसिसबद्दलही सांगितलं होतंत. आतून गंजलीय हे तुम्हाला माहीत होतं. पुटीन तुम्हीच भरली होती. माझा हात इंजिनाखाली होता, मामंजी. तुमचं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे मी कशावरून ओळखायचं होतं?"

"पुटीन?" नवऱ्याने विचारलं. त्याने बापाकडे पाहिलं. "बाबा, हे खरं आहे?"

नर्स आली आणि हळू बोला म्हणाली. मिस्त्री खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर बघतच ते म्हणाले, "मला वाटलं, वेल्ड सुटेल आणि तू नाद सोडशील. हाताचं माझ्या डोक्यात आलं नाही."

"यायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि ब्रेकचं मी ऐकायला हवं होतं. ती माझी चूक. तुमच्यावर ढकलणार नाही."

"मला एक सांगा," नवरा पलंगावरून म्हणाला, "यापुढे मी बसने जाऊ का?"



आठवड्याने ती वर्कशॉपला गेली तर गाडीची पुढची चाकं उतरवलेली होती. चेपलेल्या मालवाहू गाडीचे डिस्क ब्रेक मिस्त्रींनी काढून आणून जमिनीवर मांडले होते. त्यांनी तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली: चाकाच्या मधले हब जसेच्या तसे बसणार नाहीत, कडं कातून घ्यावं लागेल, एवढं जाड, एवढं आत. तिने खिशातून मापक काढला आणि त्यांनी सांगितलेलं प्रत्येक माप पुन्हा घेतलं. त्यांच्या समोर, एकेक करून.

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. "विश्वास नाही?"

"नाही."

"मग मोज," ते म्हणाले, आणि तिला उजेड मिळावा म्हणून दिवा धरून उभे राहिले. सगळी मापं बरोबर निघाली. तिने ती खडूने जमिनीवर लिहून ठेवली.

बारा दिवसांनी ती एकटीच गाडी घेऊन टाकीच्या उतारावरून तीनदा खाली आली. परत आल्यावर मिस्त्रींनी चाकाजवळ हात नेऊन धग पाहिली आणि मान हलवली.

"ब्रेक ठीक आहेत. पण या इंजिनाला आवाज म्हणून काही नाहीच. शिवणयंत्र चालवल्यासारखं वाटतं."

तिने बॉनेट धाडकन बंद केलं.

"सवय करून घ्या, मामंजी. रोज ऐकायचंय."

"मी बसणार नाही त्या गाडीत."

"मी बोलावलंय कुठे?" ती म्हणाली, आणि दारात खोळंबलेल्या पुढच्या गाडीकडे वळली.