शिंपीकाकांच्या खिशातली गोजी बेरी

ज्याने बीजात झाड आणि झाडात पुन्हा बीज ठेवले, त्या जगन्नियंत्याला वंदन करून बोलते. मी एक गोजी बेरी. झुडपावर लाल होऊन लोंबले, चटईवर उन्हात वाळले आणि सुरकुतल्या अंगाने बरणीत शिरले.

शिंपीकाकांच्या सुनेने मला घरी आणले. काकांची नजर मंदावली होती. सुईत दोरा ओवताना चारदा हुकायचा. डोळ्यांच्या पडद्याला पोषक असे पिवळे रंगद्रव्य माझ्यात आहे, तंतू आहेत, थोडी प्रथिनेही आहेत. हे देणे परमेश्वराचे. बरणीवरचे 'सर्व रोगांवर उपाय' हे शब्द मात्र माणसाचे. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले!

सूनबाई सकाळी चमचाभर भिजवून देई. काकांचे तेवढ्याने कुठले भागायला! ते मूठभर खिशात टाकत आणि टाके घालता घालता दिवसभर चघळत.

पंधरवड्यात त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग उमटले. काकांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू होती. उद्या पोटात किंवा डोक्यात रक्तस्राव झाला तर?

सूनबाई त्यांना तडक दवाखान्यात घेऊन गेली. "नवीन औषध काही घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"छे! गोळीसुद्धा एकदाही चुकवली नाही."

"आणि बाबा, खिशातला खुराक?" सूनबाई म्हणाली.

"अगं, ते फळ आहे. फळाचं काय सांगायचं?"

"सगळं सांगायचं. काढा बाहेर!"

खिशातल्या मुठीबरोबर मीही टेबलावर आले. बाईंनी कपाळाला हात लावला. "याचं आणि तुमच्या गोळीचं पटत नाही, काका. गोळीचा जोर भलताच वाढतो. हे आजपासून बंद. रक्त आत्ताच तपासू."

"म्हणजे माझे डोळे गेले!"

"डोळे कुठे पळतायत? डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू असेल तर निघेल."

आठवड्याने तपासणी ठीक आली. सूनबाई दवाखान्याच्या पायरीवरच बसली नि हसता हसता रडू लागली. "घाबरवलंत हो, बाबा!"

माझ्याही जिवात जीव आला. कोणाच्या घाताला निमित्त होण्याचे पाप देवाने टाळले.

आता मी सूनबाईच्या फळीवर आहे. डॉक्टरांना विचारून ती रोज मोजके दाणे खाते. माझे एवढेच मागणे: मला गुणाने ओळखा, चमत्काराने नव्हे, आणि ताटातले काहीही वैद्यापासून लपवू नका.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला निरामय आयुष्य लाभो. घरोघरी अन्न अंगी लागो, औषधाला यश येवो आणि काळजी करणारे माणूस सदैव जवळ असो.