सुनेच्या नावाची बाटली

“सकाळपासून बाटली रिकामीच? लाजतेस कुणाला, मला?” पुष्पलता सिस्टर हिराच्या खाटेपाशी एवढ्या मोठ्याने बोलली, की पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही मान वळवली. हिराने पदर तोंडावर ओढून घेतला.

तिच्या सासूला, येसूबाईला, हे मुळीच खपलं नाही. मुरबे गावची येसूबाई बाजारात सुके बोंबील विकायला बसली की भल्याभल्यांची बोबडी वळायची. पण पालघरच्या या दवाखान्यात आल्यापासून तिचाच आवाज बसला होता. जुलाब-उलट्यांनी सून नुसती पिळून निघाली होती. सलाईन लावताना डॉक्टर म्हणाला होता, “मूत्रपिंडांना धक्का बसला असेल तर रक्तात ते उशिरा कळतं, लघवीत आधी. किती होते, कसल्या रंगाची होते, सगळं मला बघायचंय. थेंबही वाया घालवू नका.”

थेंब वाया घालवायला आधी तो यायला तर हवा! घरी पहाटेच्या अंधारात उरकायची सवय; इथे धड पडदा नाही, आणि भरलेली बाटली सगळ्यांदेखत न्यायची. सून लाजेपायी दाबून धरते, अशीच येसूबाईची समजूत झाली. पोरीला पुन्हा बोलणी बसू नयेत म्हणून तिने बाटली पदराआड घेतली, संडासात गेली आणि स्वतःच भरून आणली.

“घ्या, झाली,” ती सिस्टरला म्हणाली.

डॉक्टरने बाटली उजेडात धरली, त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि हसतच बाहेर आला. “उत्तम! मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. सलाईन चालू ठेवू.” येसूबाईला कोण समाधान वाटलं! संध्याकाळच्या बाटलीचीही तिने तशीच सोय लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराचे डोळे सुजून मिटले होते. पाय टम्म. आडवं झालं की धाप लागत होती. तिचा नवरा कमलाकांत होडीवरून उतरून तसाच आला, तर त्याला बायको ओळखूच येईना.

“लघवी स्वच्छ, भरपूर, मग पाणी अंगात साठतंय कसं?” डॉक्टर स्वतःशीच पुटपुटत होता.

आपल्या बाटलीनेच डॉक्टर फसलाय, हे येसूबाईला कळलं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. समोर मुलगा, समोर सिस्टर, साऱ्या खाटा कान देऊन बसलेल्या. पण सुनेची धाप तिला ऐकवेना.

“डाक्टर, ती बाटली हिची नाय,” ती म्हणाली. “माजी हाय. दोनी टायमाला माजीच.”

कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर हसला नाही. त्याने आधी सलाईन बंद केलं. सिस्टरने चादरीचा आडोसा करून नळी घातली, तर चमचाभर लघवी आली, तीही काळ्या चहासारखी.

“मुंबईला न्यायला हवं. आत्ताच,” डॉक्टर म्हणाला. मग हळूच, “खरं तर कालच.”

ते हळू बोलणंच येसूबाईला जास्त लागलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ज्या पोरीला दोन शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून ती धडपडली, तिच्याच जिवावर उठली होती ती.

गाडी आली. हिराला टेकून बसवलं. येसूबाईने पायरीवर पाय ठेवला, तोच कमलाकांत आतून म्हणाला, “तू नको येवस, आय. घरी जा. मी हाय.”

ती मागे सरली. मुलाशी भांडायला तिच्याकडे तोंडच उरलं नव्हतं.

हिराने डोळे न उघडताच नवऱ्याची बाही ओढली. धापा टाकत म्हणाली, “आयला येऊं द्या... मला दुसऱ्या कुनाची लाज वाटते.”

कमलाकांत बाजूला सरकला. येसूबाई चढली. सुनेचे सुजलेले पाय तिने मांडीवर घेतले, आणि मुंबई येईपर्यंत मान काही वर केली नाही.