पाटावरची पोर

गोदाचं लग्न झालं ते दोन हजार चार साल. सदू आणि काशीची ती शेवटची लेक. मे महिन्यात अंगणात मांडव पडला आणि ती देवरूखला नांदायला गेली. लग्नाला मुंबईहून आलेला शेजारच्या आप्पाचा मुलगा परत जाताना वाडीत ठेवलेल्या आपल्या दोन्ही पोरींना घेऊन गेला. मांडवाचे वासे सोडले तेव्हा वरच्या वाडीत पोर म्हणून एकच उरलं होतं, सदूची नात सानवी.

नाव तिच्या बापाने मुंबईत ठेवलेलं. वाडीच्या तोंडात ते बसेना, म्हणून सगळे तिला बाय म्हणत. आईबाप आणि धाकटा भाऊ स्वरूप मुंबईत एका खोलीत राहत. मोठी खोली मिळाली की बायला न्यायचं, असं कित्येक दिवस चाललं होतं. बाय तेव्हा दहा वर्षांची होती.

वाडीत सात घरांत चूल पेटत होती आणि सातही घरांत म्हातारी माणसं. ती माणसं वाईट नव्हती. पण पोर एकच म्हटल्यावर ते सगळ्यांचं झालं. सुईत दोरा ओवायला बाय, चुकलेलं शेरडू बघायला बाय, मुंबईचं पत्र वाचायलाही बाय. शाळा खालच्या गावात. शाळा सुटली की तिथल्या पोरी खेळत राहायच्या, पण रान चढून दिवस असेतो घरी यायचं म्हणून बाय घंटेबरोबर निघायची. मग अंगणात एकटी ठिकरी खेळायची. दोघींच्या नावाने खेळायची, एकदा आपल्या आणि एकदा गोदाआत्याच्या. आत्याच्या डावाला मुद्दाम रेघेवर पाय ठेवायची, आणि मग आत्याची बाजू घेऊन स्वतःशीच भांडायची. काशी पडवीत तांदूळ निवडता निवडता हे ऐकायची आणि खडा तसाच सुपात राहायचा.

गणपतीला गोदा आली तेव्हा म्हणाली, नवरात्रात हिला माझ्याकडे पाठवा, आमच्या आळीत पाच पोरी आहेत, रोज संध्याकाळी फेर धरतात. उडीची दोरी घेऊन ठेवते, असंही सांगून गेली. त्या दिवशी बायने पिशवीत दोन फ्रॉक भरले आणि पिशवी खुंटीला लावली.

पण नवरात्रात घरोघरी कुमारिका जेवायला लागते. आधी तीन पोरी होत्या, कशाबशा पुरायच्या. आता एकीवर सात घरं. एका दिवसात सात पानं काही ती जेवणार नाही, म्हणून सदूच्या पडवीत म्हातारे जमले आणि त्यांनी माळा वाटून घेतल्या. पहिली भिकाजीची, दुसरी विठूची, असं करत सातही घरं बसवली. सदू वाडीचा गावकर, वाडीच्या वतीने बोलायचा मान त्याचा, त्याने शब्द देऊन टाकला. काशीने विचारलं, मग देवरूखचं काय? सदू म्हणाला, देवरूख कुठे पळून जात नाही.

पहिल्या माळेला बायला पहाटे न्हाऊ घातलं. पूजा होईपर्यंत पोटात काही नाही. धावायचं नाही, चिखलात जायचं नाही, गुडघा फुटला तर अपशकुन. भिकाजीने तिला पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. ऐंशीच्या घरातला माणूस, त्याने वाकून तिच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "माझा लवू एकदा घराला येऊ दे." लवू त्याचा मुलगा, मुंबईला गेला तो बारा वर्षं फिरकला नव्हता. दुसऱ्या दिवशी विठूच्या बायकोने डोळ्यांतलं पाणी पुसत गुडघ्यांचं दुखणं मागितलं, म्हणजे ते जाऊ दे म्हणून. तिसऱ्या घरी तर बाय पाटावरच ओकली. कोणी रागावलं नाही. देवीला नजर लागली म्हणून तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

घरी येताना तिने काशीचा पदर धरला. "आजी, लवूकाका नाय आला तर भिकाजी आजोबा मला काय म्हणतील?"

काशी म्हणाली, काही म्हणणार नाहीत. पण बायचा हात सुटला नाही.

चौथ्या माळेला आप्पाच्या घरी पाट मांडून ठेवला होता आणि बाय सापडेना. काशीला ती गोठ्यामागे मिळाली, भिंतीला पाठ लावून बसलेली. फ्रॉकवर मागे तांबडा डाग.

"हात लावू नको," बाय म्हणाली. "मला कावळा शिवलाय."

कावळा शिवला की बाई तीन दिवस लांब बसते, तिला कोणी शिवत नाही, कोणी कामाला हाक मारत नाही, देवाच्या पाटावर तर नाहीच नाही, एवढं वाडीतल्या पोरीला न सांगता कळतं. काशीने दुसरा फ्रॉक आणून दिला आणि डागाचा घेऊन ती ओढ्यावर गेली. पाण्यात बुडवण्याआधी तिने तो नाकाशी धरला. आंबट, खारट वास. कोकमाचं आगळ. गोदाच्या लग्नात सोलकढीला म्हणून काशीने स्वतः मीठ घालून बरणीत भरलेलं.

ती दगडावर बसून राहिली. खरं सांगावं, तर पोर देवीच्या नवरात्रात खोटं बोलली म्हणून सात घरं कपाळाला हात लावणार आणि तिला पुन्हा पाटावर बसवणार. न सांगावं, तर पोर दहाव्या वर्षी बाई होणार. वरून सदूची हाक आली, आप्पा खोळंबलाय म्हणून. काशीने फ्रॉक पिळला आणि वर येऊन म्हणाली, "बाय बसायची नाय. ती लांबची झाली."

सदूने मान खाली घातली. आप्पाने पाटावर नारळ ठेवून पूजा केली. पुढच्या घरांनीही तेच केलं. भिकाजी मात्र पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, माझं मागणं आधीच सांगून झालंय, देवी ते धरील ना?

तीन दिवस बाय गोठ्याशेजारच्या खोपटात मजेत होती. चौथ्या दिवशी न्हाऊन आली ती थेट खुंटीवरची पिशवी काढायला. सदू म्हणाला, ती ठेव खाली. शहाणी झालेली पोर रानवाटेने एसटीला पाठवू आणि चार दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवू? देवरूख नाही, आणि यापुढे अंगणात उड्याही नाहीत. बायने काशीकडे बघितलं.

निरोप गेला, तशी गोदाच आली. ओटी भरायला वाडीतल्या बायका जमल्या, हिरव्या बांगड्या भरल्या, फ्रॉक जाऊन परकर आला. गोदाने दोरी आणली होती. ती पिशवीतून काढावी की नाही, हे तिला कळेना. शेवटी सदूने ती घेतली आणि कपडे वाळत घालायला पडवीत बांधली.

गोदा गेल्यावर काशी बायला घेऊन ओढ्यावर आली. "आगळाचा वास येतो गो, बाय," ती म्हणाली.

बायचा चेहरा उतरला. "सांगणार तू?"

"सांगितलं तर पाट."

"आणि नाय सांगितलं तर?"

काशी बराच वेळ धुणं आपटत राहिली.

त्यानंतर खोटं काशीला वाहावं लागलं. वाडीतल्या बायकांचं अशा गोष्टींवर लक्ष असतं. महिना भरत आला की काशीच बायला म्हणायची, उद्यापासून लांब बस. बाय खोपटात जायची. तिथे तीन दिवस तिला कोणी हाक मारत नसे, म्हणून ती तिथे सागरगोटे खेळायची, आवाज होऊ नये म्हणून खाली गोणपाट अंथरून. काशी दाराशी शेण थापत बसायची आणि कोणी त्या बाजूला वळलं की खोकायची. एरवी, महिन्याचे बाकीचे दिवस, बाय परकर सावरून पाणी भरायची आणि म्हाताऱ्यांच्या सुईत दोरा ओवायची. भिकाजीचा लवू आला नाही. भिकाजी तिला काही म्हणाला नाही, पण ती दिसली की हात जोडायचा, आणि ती वाट बदलायची.

खरी वेळ आली ती दोन हजार सहाच्या पावसाळ्यात. कोणाला नवल वाटलं नाही, कोणी ओटी भरली नाही. वाडीच्या लेखी ते कधीच होऊन गेलं होतं. बाय आपली आपण खोपटात जाऊन बसली. गोणपाट तिथेच होतं, सागरगोटे तिने काढले नाहीत. हे खरं आहे एवढं तिला एकाच माणसाला सांगायचं होतं.

काशी त्याआधी, त्याच वर्षीच्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तापाने वारली.